सोप्यावरचा संवाद जोडताना दोघंही एकाच बाजूला बघतात! काय चुकलं, आणि आता काय करू?

अंत्रुजकर

मंडळी, गोव्यात फोंड्याकडच्या एका जुन्या घराच्या बल्कांवावर (दारापुढच्या ओसरीवर) सहा मिनिटांचा सीन शूट केला आहे. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना समोरासमोर सोपे, म्हणजे बसायचे कट्टे, एकावर आजी, दुसऱ्यावर नातू. आजी रातांबे (कोकमाची फळं) फोडून सोलं, म्हणजे साली, परातीत टाकते आहे, नातू मुंबईला निघालाय, दोघं बोलताहेत. बस, एवढाच सीन.

सामान: एक मिररलेस कॅमेरा, १८-५०ची झूम, ट्रायपॉड, दोन कॉलर माइक. ४के, सेकंदाला २५ फ्रेम. एडिट रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत, टाइमलाइन १०८०ची.

अडचणी अशा:

१. आजीचा क्लोज (चेहऱ्याचा जवळचा शॉट) आणि नातवाचा क्लोज एकामागून एक लावले की दोघंही उजवीकडे बघतात. एकमेकांशी बोलतात असं वाटतच नाही, तिसऱ्याच कुणाकडे तरी बघताहेत असं वाटतं.
२. आजीचे दोन शॉट जोडले की ती जागच्या जागी उडी मारते.
३. प्रत्येक कटला मागचा आवाज बदलतो. एकात पंखा, एकात पक्षी, एकात काहीच नाही.
४. अंगणातला पॅन (कॅमेरा आडवा फिरवत घेतलेला शॉट) अडखळत जातो. स्वयंपाकघरातल्या एका शॉटमध्ये बल्बखाली आडवे पट्टे सरकताना दिसतात.
५. वाइडमध्ये (दोघं दिसतात त्या रुंद शॉटमध्ये) परात अर्धी, क्लोजमध्ये जवळजवळ भरलेली, पुढच्या वाइडमध्ये परत अर्धी.

मास्टर, कव्हरेज, इन्सर्ट, कटअवे, जे-कट हे शब्द ऐकून माहीत आहेत, पण नेमका फरक सांगता येणार नाही. पुन्हा शूटिंगला फार तर अर्धा दिवस मिळेल, तोही पाऊस लागायच्या आत. एकदा पाऊस सुरू झाला की रातांबेही संपले.

राइट लुक

पहिल्या अडचणीवरूनच कॅमेरा कुठे होता ते कळतंय. आजीचे शॉट अंगणातून घेतले. नातवाची पाळी आली तेव्हा अंगणात ऊन आलं असेल, म्हणून कॅमेरा उचलून घराच्या दारात नेला. घोळ तिथेच झाला.

आजीच्या डोळ्यांपासून नातवाच्या डोळ्यांपर्यंत एक दोरी ताणली आहे असं समजा. सेटवर तिला इमॅजिनरी लाइन म्हणतात, शिकवताना १८० अंशांचा नियम म्हणतात. कॅमेरा या दोरीच्या एकाच अंगाला राहायला हवा. त्या अंगाच्या अर्धवर्तुळात कुठेही फिरवा, पण दोरी ओलांडायची नाही. अंगणातून घराकडे बघितलं तर आजी डावीकडे, तिची नजर उजवीकडे. नातू उजवीकडे, त्याची नजर डावीकडे. दारातून बघा, सगळं उलटं होतं. नातू डावीकडे येतो आणि उजवीकडे बघायला लागतो. खरं तर नातू तिथेच बसलाय, पण पडद्यावर प्रेक्षकाला दोरी दिसत नाही, त्याला फक्त नजरेची दिशा दिसते.

या दिशेला सेटवर ‘लुक’ म्हणतात. आजीचा राइट लुक असेल तर तिच्या काउंटरला, म्हणजे समोरच्या माणसाच्या शॉटला, लेफ्ट लुक हवा. शॉट लागल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा: लुक कुठला? क्लॅपबरोबर वहीत ‘आजी, मिड क्लोज, रा.लु.’ असं लिहून ठेवलं की दुपारी डोकं तापल्यावरही चूक होत नाही.

आता जे हातात आहे ते वाचवायचं कसं?

नातवाचा शॉट आडवा उलटा करून बघा. रिझॉल्व्हमध्ये इन्स्पेक्टर उघडा, ट्रान्सफॉर्मखाली फ्लिप आहे. लुक लगेच डावीकडे जाईल. मात्र उलटा करण्याआधी अंगावरचं सगळं तपासा: शर्टाचा खिसा, घड्याळ, केसांचा भांग, कपड्यावरची अक्षरं, मागचं कॅलेंडर. आजीचा शॉट उलटा करू नका, पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर जाईल आणि ते घरातली प्रत्येक बाई पहिल्या सेकंदाला ओळखेल. उजेडाचाही प्रश्न येईल. अंगणातून घेतलेला आजीचा चेहरा उजळ असणार, दारातून घेतलेल्या नातवाची कॅमेऱ्याकडची बाजू काळोखी आणि कडा चमकणारी. रिझॉल्व्हमध्ये चेहऱ्यापुरता भाग निवडून (यालाच मास्क म्हणतात) सावली थोडी उचला. पूर्ण सारखी होणार नाही, पण लुक जुळला की डोळा बरंच काही माफ करतो.

उलटा करणं शक्य नसेल तर दोन शॉटच्या मध्ये असा शॉट घाला ज्याला दिशाच नाही. सोलं काढणारे हात अगदी वरून, किंवा दोरीवरच कॅमेरा ठेवून समोरासमोर घेतलेला शॉट. अशा शॉटनंतर प्रेक्षक दिशा नव्याने जुळवून घेतो. शूटिंगच्या वेळी रेषा ओलांडायचे सरळ मार्ग दोन: कॅमेरा शॉट चालू असताना ट्रॉलीवर किंवा हातात फिरत पलीकडे जातो, नाहीतर पात्र उठून पलीकडे जातं. दोन्हींत प्रेक्षक आपल्या डोळ्यांनी दिशा बदलताना बघतो, म्हणून गोंधळत नाही.

दुसरी अडचण तीस अंशांची. एकाच माणसाचे दोन शॉट लागोपाठ लावायचे तर कॅमेऱ्याची जागा निदान तीस अंशांनी सरकलेली हवी, आणि शॉटचा आकारही ठळक बदलायला हवा. मिडवरून, म्हणजे साधारण अर्ध्या अंगाच्या शॉटवरून, किंचित घट्ट मिडवर गेलात की तो बदल वाटत नाही, चूक वाटते. मिडवरून सरळ क्लोजवर जा. तुमचं फुटेज ४के आणि टाइमलाइन १०८० आहे, म्हणजे ३८४०चे १९२० होताहेत, झूम २.०० पर्यंत नेलात तरी खऱ्या पिक्सेलच्या आतच राहता. १.१५ झूम करून कट लपवायचा मोह टाळा, त्यात उडी उलट जास्त दिसते. १.७च्या पुढे जा. जागा तीच राहिली तरी आकार इतका बदलतो की कट पचतो.

आकारांची नावं पाठ करण्यापेक्षा एक लक्षात ठेवा: फ्रेमची कडा सांध्यावर येऊ देऊ नका. गुडघा, कंबर, मनगट, गळा. मांडीच्या मध्यावर, छातीच्या वर, खांद्यांच्या खाली कापा. लुकच्या बाजूला जागा जास्त सोडा, पाठीमागे कमी. उलट केलंत तर माणूस भिंतीला नाक लावून बसल्यासारखा दिसतो.

अजून एक, याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. बल्कांवाचं जोतं अंगणापासून चार-पाच पायऱ्या उंच असतं. अंगणात उभा केलेला ट्रायपॉड आजीकडे खालून बघतो, दारातला ट्रायपॉड नातवाकडे वरून. दोन्ही क्लोजमध्ये लेन्स त्या त्या पात्राच्या डोळ्यांच्या उंचीला आणा. सोप्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जोत्यापासून साधारण ११०-१२० सेंटिमीटरवर येतात, हे टेपने मोजा. आजीला ३५ मिमीवर दीड मीटरवरून घेतलंत तर नातवालाही ३५ मिमी आणि दीड मीटरच. एकाला ५०ने दुरून आणि दुसऱ्याला २०ने जवळून घेतलंत तर मागची भिंत एकात जवळ येते, दुसऱ्यात पळून जाते, आणि दोघं एकाच बल्कांवात बसलेत हे पटत नाही.

कातरी

शब्दांचं बघू.

मास्टर म्हणजे सीन पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत एका शॉटमध्ये, सगळी पात्रं दिसतील इतका रुंद. एडिटमध्ये तो कदाचित वीस सेकंदही राहणार नाही, पण कोण कधी उठलं, हात कुठे होता, याचा तो दाखला. कव्हरेज म्हणजे त्याच सीनचे बाकीचे कोन: दोघांचे मिड, क्लोज, आणि खांद्यावरून घेतलेला ओएस. ओएसमध्ये पुढे जो खांदा किंवा कान दिसतो त्याला आपल्याकडे ‘सजेशन’ म्हणतात. आजीच्या क्लोजमध्ये नातवाच्या खांद्याचं सजेशन ठेवलंत तर लुकची चूक व्हायला वावच राहत नाही, कारण खांदा कुठल्या बाजूला आहे ते फ्रेममध्येच दिसतं. नवीन माणसाने क्लीन (सजेशन नसलेल्या) क्लोजपेक्षा ओएस जास्त घ्यावेत असं माझं मत. मात्र नातवाने मान हलवली की कंटिन्युइटी, म्हणजे शॉटमागून शॉट तपशील जुळणं, दोन ठिकाणी सांभाळावी लागते, ही त्याची किंमत.

इन्सर्ट आणि कटअवे यांत गल्लत होते. इन्सर्ट म्हणजे चालू क्रियेतलाच तपशील जवळून: आजीची बोटं, रातांब्यातून निघणारी बी, परातीवर पडणारं सोल. कटअवे म्हणजे क्रियेच्या बाहेरचं: तुळशीवृंदावन, वळचणीखाली बसलेलं मांजर, नातवाची दारात ठेवलेली बॅग. इन्सर्टमध्ये कंटिन्युइटी लागते, कटअवेत लागत नाही. म्हणून अडलेल्या एडिटरला कटअवे आवडतो. पण दर चुकीला मांजर दाखवायला लागलात की प्रेक्षकाला वाटतं मांजराचं पुढे काहीतरी होणार आहे. बॅगेचा कटअवे त्या मानाने बरा, तो गोष्टीतलाच आहे.

आता परात. हे शूटिंगच्या वेळीच सोडवायचं काम. सीनचे तीन भाग पाडा आणि प्रत्येक भागाला परातीची एक अवस्था ठरवा: पाव, अर्धी, भरलेली. संहितेत त्या त्या वाक्यापुढे लिहा. प्रत्येक टेकआधी मोबाइलवर परातीचा फोटो, आणि ‘कट’ म्हटल्यावर पुन्हा एक. टेक परत घ्यायचा तर सोलं मोजून काढून ठेवा. बोटांचा लाल रंग मात्र परत काढता येत नाही. म्हणून ज्या भागात हात कोरडे आहेत ते सगळे शॉट, वाइड असोत की क्लोज, आधी उरकून घ्या. आत्ताच्या फुटेजमध्ये एकच इलाज: क्लोज झूम करून फ्रेम वर घ्या, म्हणजे परात खालून फ्रेमबाहेर जाईल. ४के आहे, जमेल.

उडी टाळायची खरी युक्ती हालचालीवर कट करणं ही आहे. आजी सोल परातीत टाकायला हात पुढे नेते. मास्टरमध्ये हात निघाला, साधारण एक तृतीयांश वाट गेला, तिथे कट; क्लोजमध्ये त्याच जागेपासून हात पुढे. डोळा हालचालीच्या मागे धावत असतो, कट त्याला दिसत नाही. यासाठी ती क्रिया दोन्ही शॉटमध्ये पूर्ण केलेली असायला हवी. अभिनेत्याला क्लोजच्या वेळी ‘फक्त वाक्य म्हण’ सांगितलंत तर कट करायला हालचालच उरत नाही. ‘ॲक्शन’नंतर आणि ‘कट’च्या आधी तीन ते पाच सेकंद मोकळे सोडा. शेवटचं वाक्य संपताक्षणी कॅमेरा बंद करणं ही सगळ्यात महाग काटकसर.

नोव्हेंबरात पणजीत इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असतो, २००४पासून. तिथे संवादाचा एखादा सीन बघताना बोलण्याकडे दुर्लक्ष करून फक्त एवढं बघा: कट बोलणाऱ्याच्या वाक्यावर होतो की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर? टेनिसच्या चेंडूसारखं जो बोलेल त्याच्यावर कट करत गेलात तर सीन कंटाळवाणा होतो. ‘कधी येशील परत’ हे वाक्य आजीचं असलं तरी चेहरा नातवाचा हवा.

बूमकाठी

वरचा शेवटचा मुद्दा आवाजाने करायचा असतो. त्यालाच जे-कट आणि एल-कट म्हणतात.

टाइमलाइनवर चित्र वरच्या पट्टीत आणि आवाज खालच्या पट्टीत असतो. पुढच्या शॉटचा आवाज चित्राच्या आधी सुरू केला तर खालची पट्टी डावीकडे बाहेर येते, इंग्रजी जे अक्षराच्या शेपटीसारखी. तो जे-कट: नातू दिसतोय आणि आजीचं बोलणं सुरू झालं, मग आजी दिसली. आधीच्या शॉटचा आवाज पुढच्या चित्राखाली चालू ठेवला तर खालची पट्टी उजवीकडे बाहेर येते, तो एल-कट: आजी बोलतेय पण आपण नातवाचा चेहरा बघतोय. संवादात सुरुवातीला सहा ते बारा फ्रेम सरकवून बघा. २५ फ्रेमला ते पाव ते अर्धा सेकंद होतात. रिझॉल्व्हमध्ये ऑल्ट दाबून फक्त चित्राची कडा धरा आणि सरकवा, आवाज जागेवर राहतो. चित्र आणि आवाज अगदी एकाच फ्रेमला कापलेला कट सगळ्यात जास्त टोचतो. तुमचा प्रत्येक कट तसाच असणार.

पंखा-पक्षी यांचं कारण साधं: रूम टोन घेतलेला नाही. प्रत्येक जागी सगळे गप्प, माइक जिथे होते तिथेच, ६० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. ती शांतता रिकामी नसते. त्या जागेचा, त्या वेळेचा आवाज असतो. ती पूर्ण सीनखाली एका सलग पट्टीत घातली की कटमधले खड्डे बुजतात. आत्ता टोन नाही, तर संवादांच्या मधल्या जागा शोधा. दोन-तीन सेकंदांचे स्वच्छ तुकडे मिळतील. ते जोडून पट्टी करा, पण एकच तुकडा पुनःपुन्हा लावू नका, त्यातलं एक ‘टुक’ दर तीन सेकंदांनी ऐकू येईल. आवाजाच्या प्रत्येक कटवर दोन ते चार फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज विरताना दुसरा उमटणं) द्या, टिकटिक जाते.

पंखा ज्या टेकमध्ये आहे तो काढायला जाऊ नका. नॉइज रिडक्शन जास्त लावला की आजी पाण्याखालून बोलल्यासारखी ऐकू येते. उलट करा: हलका पंखा बाकीच्या शॉटखालीही घाला. सगळीकडे आहे म्हटल्यावर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

पुन्हा शूट करताना: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, बोलण्याची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास. पंखा आणि फ्रिज बंद. फ्रिज बंद केलात की गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे जाताना तो चालू करायला विसरणार नाही. ही युक्ती जुनी आहे पण चुकत नाही. कॉलर माइक आजीच्या पदराखाली असेल तर कापड घासतं. माइकच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टीची त्रिकोणी घडी, चिकट बाजू बाहेर, आणि वायर एक वेटोळं करून सैल. कॉटन नऊवारी चालते, कडक इस्त्रीचं किंवा नायलॉनचं कापड नको.

अठरा टक्के करडा

चौथी अडचण आकड्यांची आहे. कॅमेरा ऑटोवर होता, हे गृहीत धरतो.

२५ फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १/२५ सेकंद. शटर त्यातला अर्धा वेळ उघडा ठेवला, म्हणजे १/५०, तर हलणाऱ्या वस्तूला जेवढं धूसरपण येतं ते डोळ्याला नैसर्गिक वाटतं. १८० अंशांचं शटर म्हणतात ते हेच. वरच्या १८० अंशांच्या रेषेशी त्याचा काही संबंध नाही, नुसता आकडा सारखा. आता मे महिन्याच्या स्वच्छ उन्हात १०० आयएसओला (सेन्सरची संवेदनशीलता) एफ/१६ (लेन्सचं छिद्र) आणि १/१०० हे ढोबळ एक्स्पोजर. तुम्ही एफ/४ वर असाल तर कॅमेऱ्याने शटर १/१६००वर नेलं. प्रत्येक फ्रेम कोरीव छायाचित्रासारखी, मध्ये धूसरपण नाही, म्हणून पॅन अडखळतो.

इलाज एनडी फिल्टर, म्हणजे फक्त उजेड कमी करणारी लेन्सपुढची करडी काच. हिशेब असा: १/५० ला तेच एक्स्पोजर एफ/२२. एफ/२२ वरून एफ/४ पर्यंत पाच स्टॉप (एका स्टॉपला उजेड दुप्पट), म्हणजे एनडी ३२. लॉग प्रोफाइल (नंतर रंग करण्यासाठीचं फिकं चित्र) वापरत असाल आणि त्याचं मूळ आयएसओ ८०० असेल तर आणखी तीन स्टॉप, एनडी २५६. फिरवायचा व्हेरिएबल एनडी सोयीचा, पण १८ मिमीवर शेवटपर्यंत फिरवला की फ्रेममध्ये काळी फुली उमटते, आणि तो मुळात दोन पोलरायझर असल्यामुळे ओल्या पानांची, पाण्याची चमक फिरवाल तशी बदलते. पॅनचा वेगही मोजून घ्या: फ्रेमच्या एका कडेला असलेली वस्तू दुसऱ्या कडेला पोचायला साधारण सात सेकंद. अंगणाच्या पॅनला हे फार संथ वाटेल, वाटू दे. सुरुवातीला आणि शेवटी तीन सेकंद कॅमेरा स्थिर, नाहीतर कट कुठे करायचा?

पट्टे विजेचे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण आवर्तनं बसतात आणि पट्टा दिसत नाही. ऑटोने १/८० किंवा १/१२५ घेतलं की दिसतो. मोबाइल बहुतेक वेळा ३० फ्रेमवर असतो, त्यात शटर १/६० झालं की तोच प्रकार. म्हणून मोबाइलचा दुसरा कॅमेरा लावलात तर २५ फ्रेमवर टाका. शिवाय मोबाइल फ्रेमचा वेग मधूनच बदलतो, लांब शॉटमध्ये ओठ आणि आवाज सुटत जातात. तो व्हिडिओ एडिटमध्ये घेण्याआधी हॅण्डब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर २५वर काढा. स्वस्त एलईडी मात्र १/५०लाही पट्टे देऊ शकतो, त्यातल्या ड्रायव्हर सर्किटमुळे तो वेगळ्याच गतीने लुकलुकतो. बल्ब बदला, त्याच्याशी भांडत बसू नका.

व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणूनची रंगाची जुळणी) केल्विनच्या आकड्यावर बांधा. बल्कांवाच्या सावलीत ६५००-७०००, उन्हात ५६००, स्वयंपाकघरातला पिवळा बल्ब ३०००. ऑटोवर आजीची लाल परात फ्रेममध्ये आली की कॅमेरा सगळ्याला निळसर-हिरवट करून टाकतो, आणि शॉटच्या मध्येच बदललेला रंग एडिटमध्ये सुधारणं हा जाच आहे.

आणि एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका. आपली दमट हवा थंड काचेवर लगेच धुकं धरते. बंद पिशवीत अर्धा तास राहू द्या, पुसून उपयोग नाही, आतली काच पुसता येत नाही.

अंत्रुजकर

राइट लुक, तुमचा अंदाज बरोबर, कॅमेरा दारात नेला होता. पण नातवाच्या टी-शर्टवर छातीवर मोठी अक्षरं आहेत. फ्लिप केला तर उलटी दिसतात. आणि कॅमेरा ऑटोवर होता, हो.

पेडण्याहून

त्या १८० अंशांच्या लाइनचं इतकं स्तोम माजवू नका असं म्हणणार होतो, पण या सीनला ते लागूच आहे. फक्त एक भर: रेषा दोन माणसांच्या नजरेतच असते असं नाही. शिगम्याच्या (गोव्यातल्या शिमग्याच्या) रोमटामेळाला, म्हणजे ढोल-ताशांच्या मिरवणुकीला, रेषा ही मिरवणुकीची दिशा. रस्त्याच्या एका बाजूने दोन कॅमेरे आणि पलीकडच्या बाजूने एक लावलात तर ढोल-ताशे पुढे जाताजाता अचानक परत फिरलेले दिसतात. रायबंदर-चोडण फेरीबोटीचंही तसंच. जाताना बोट डावीकडून उजवीकडे दाखवली तर घरी परतताना उजवीकडून डावीकडे दाखवा, प्रेक्षकाला पाटी लावून सांगावं लागत नाही. दशावताराचं रेकॉर्डिंग करणाऱ्यांना तर माझी हात जोडून विनंती: दोन्ही कॅमेरे प्रेक्षकांच्या बाजूला. एक विंगेत घुसवलात की राक्षस आणि देव यांची बाजूच बदलते.

जाणूनबुजून रेषा तोडता येते. दोघांचं भांडण पेटलं, एकाची बाजू पालटली, अशा ठिकाणी तो धक्का कामाला येतो. जंप कटचंही, म्हणजे एकाच कोनातल्या उडीचंही, तसंच. आजी दिवसभर सोलं काढत बसली हे दाखवायला एकाच कोनातून चार उड्या उत्तम. परात वाढत जाते, सावली सरकते, प्रेक्षकाला वेळ गेलेला कळतो. पण एकच उडी असेल तर ती चूक दिसते. निदान तीन हव्यात, म्हणजे हेतू कळतो.

राइट लुक

अक्षरांसाठी: झूम २.०० पर्यंत नेऊन फ्रेमची खालची कडा अक्षरांच्या वर आणा, मग फ्लिप करा. गळ्यावर कडा येत असेल तर थोडी अक्षरांची शिरं दिसली तरी चालतील, वाचता आली नाहीत म्हणजे झालं. पण अर्धा दिवस मिळतोय तर नातवाचे शॉट नव्यानेच घ्या. फ्लिप ही फक्त तोपर्यंतच्या रफ कटसाठी, म्हणजे कच्च्या जोडणीसाठी.

अर्ध्या दिवसाचा क्रम मी असा लावेन. आधी घरी आहे तेच फुटेज फ्लिप करून पूर्ण सीन जोडा आणि जिथे जिथे अडतं ती जागा वहीत लिहा, म्हणजे तिथे जाऊन जे लागणार नाही ते शूट होत नाही. आजीच्या जुन्या शॉटची फोकल लेंग्थ आणि अंतर फुटेजवरून शोधा. कॅमेरा फाइलच्या माहितीत फोकल लेंग्थ बऱ्याचदा सापडते.

सकाळी त्याच वेळी पोचा ज्या वेळी आजीचे शॉट घेतले होते, सावली जुळायला हवी. कॅमेरा अंगणात, पण फळकुटं, पेट्या, काय मिळेल ते खाली घालून डोळ्यांच्या उंचीला. पहिला शॉट नातवाचा ओएस, आजीच्या खांद्याचं सजेशन घेऊन, लेफ्ट लुक. त्याच जागेवरून झूम बदलून क्लीन क्लोज. दोन्हींत पूर्ण सीन सलग, आजी समोर बसून खरोखर बोलणार, नुसती असिस्टंटने वाक्यं वाचायची नाहीत. अंगणात ऊन आलं तर कॅमेरा हलवायचा नाही. वर पांढरी चादर ताणा, खालून थर्मोकोलने उजेड द्या. त्यानंतर इन्सर्ट: हात वरून, परात पावभर, अर्धी, भरलेली, प्रत्येकी २० सेकंद. नातवाची बॅग, रिकामा सोपा. हे सगळं ढग आले तरी घेता येतं, म्हणून शेवटी. ऊन-सावलीचा भरवसा नसेल तर वाइड आधी उरका, क्लोज चादरीखाली कधीही जुळवता येतो.

टी-शर्ट तोच आणा. अक्षरांसह.

बूमकाठी

आणि सामान आवरण्याआधी साठ सेकंद टोन. पंखा चालू करून एकदा, बंद करून एकदा, कारण जुन्या शॉटमध्ये दोन्ही आहेत.